खुर्चीचा कागद कोरडा ठेवताना

श्रावणातल्या एका सकाळी मामांच्या घरून तार आली, तेव्हा मी अमरावतीच्या हायस्कुलात प्राणवायू कसा तयार करतात हे तोंडी शिकवत होतो. तोंडी अशासाठी, की आमच्या प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या आणि एक मोठं कुलूप एवढंच सामान होतं. तार इंग्रजीत होती. प्रकृती चिंताजनक आहे, ताबडतोब निघा, एवढाच तिचा अर्थ. कोणाची प्रकृती, हे लिहायला आणखी एक शब्द लागला असता, आणि मामा शब्दांच्या बाबतीत फक्त तारेतच काटकसर करत.

घरी आईने रडायला सुरुवात केली. मी रजा टाकली, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अकोल्याच्या वाटेला लागलो. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मामांचे गुण मनात आठवून ठेवत होतो, कारण दुखवट्याला आलेल्या माणसाला ते सांगावे लागतात. अकोला आलं तेव्हा गुण संपून बराच वेळ झाला होता.

मामा ओसरीवर बसून भाजलेली कणसं खात होते. मला पाहून उठले, हात पुसले आणि म्हणाले, "आला काय मास्तर? चल, आत चल. पाहून घे." मी कोणाकडे पाहायचं ते शोधत आत गेलो. मामी चुलीपाशी धडधाकट होत्या. मधल्या खोलीत पत्र्याची पेटी उघडी होती आणि तिच्यात एका पांढऱ्या फडक्यावर तो कागद आजाऱ्यासारखा उताणा पडला होता. चिंताजनक प्रकृती त्याची होती.

या कागदाची ओळख करून दिली पाहिजे. मामांचं घराणं अकोल्याजवळच्या काळ्या जमिनीतलं. जमीन चांगली, कापूस चांगला, आणि मामांना लिहिता-वाचता येत होतं. मोठ्या लढाईच्या वेळी त्यांनी सरकारच्या फंडाला मदत केली होती, म्हणून लढाई संपल्यावर सरकारने त्यांना सही-शिक्क्यानिशी एक हक्क दिला: ते साहेबांच्या भेटीला गेले, तर त्यांना बसायला खुर्ची मिळेल. खुर्ची घरी न्यायची नव्हती. भेटीपुरतं बसायचं आणि उठायचं. ज्यांच्यापाशी हा कागद नव्हता त्यांनी उभं राहून बोलायचं, मग पायात त्राण असो की नसो. मामा याला सनद म्हणत, घरातले बाकीचे 'खुर्चीचा कागद' म्हणत. वर्षातून दोनदा भेट होई आणि दोन्ही मिळून मामा जेमतेम पंधरा मिनिटं बसत. वऱ्हाड त्या वेळी कागदोपत्री निजामाचं, अंमल इंग्रजांचा आणि कारभार नागपूरचा. अशा मुलखात आपण नक्की कुठे बसतो हे सांगणारा कागद एखाद्याला हवासा वाटला, तर त्यात नवल नाही.

मी त्या कागदाची थट्टा करत असे, आणि मामा ती ऐकून घेत. एकदाच त्यांनी उत्तर दिलं होतं. त्यांचे वडील सत्तरीत असताना काही अर्ज घेऊन कचेरीत गेले होते. सकाळपासून दुपारपर्यंत व्हरांड्यात उभे राहिले आणि दमून भिंतीला टेकले, तर चपराशाने काठीने खुणावून त्यांना सरळ उभं केलं. मामा तेव्हा सोबत होते. एवढं सांगून त्यांनी विषय बदलला. मीही नंतर काही दिवस थट्टा बदलली.

तर त्या कागदाला आता ओल लागली होती. वऱ्हाडात आठ महिने इतकं कोरडं असतं की बोलताना जीभ वाळते, पण काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन बसते आणि मग ते पाणी भिंतींतून वर चढतं. बरणीतलं मीठ पातळ होतं, वहाणांना हिरवी लव येते, काडेपेटी पेटत नाही. मामा दर दिवाळीच्या आधी अंगणात बाज टाकून, तिच्यावर धुतलेलं धोतर अंथरून कागदाला ऊन दाखवत आणि स्वतः छत्री घेऊन शेजारी बसत. छत्री कावळ्यांसाठी असे. या वर्षी मात्र पेटी श्रावणातच उघडावी लागली होती, कारण नवे डिप्टी कमिशनरसाहेब आले होते आणि त्यांनी हुकूम काढला होता. खुर्चीवाल्यांची यादी नव्याने होणार. दिवाळीनंतर ठरल्या दिवशी प्रत्येकाने आपला मूळ कागद स्वतः आणून दाखवावा. सही नीट दिसली नाही, तर नाव यादीतून निघेल.

आणि बुरशीचा एक करडा डाग सहीपासून दोन बोटांवर येऊन थांबला होता. थांबला होता असं मी म्हणतो. मामांच्या मते तो चालत होता.

"काल तीन बोटं होता," ते म्हणाले.

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी उपाय सांगितला. त्यांच्या माहेरी पापडाच्या डब्यात कळीचा चुना फडक्यात बांधून ठेवत. भट्टीतून आणलेले ताजे खडे. ते सगळी ओल ओढून घेतात आणि पावसाळाभर पापड कुरकुरीत राहतात. पेटीतही दोन पुड्या ठेवून पाहाव्यात.

"सरकारचा कागद आहे थो," मामा म्हणाले. "पापड नाई."

"ओलीले काय समजते पापड कोनता अन् सरकार कोनतं," मामी म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

मामींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कळीचा चुना हवेतली ओल शोषून घेतो, हे मी नागपूरच्या कॉलेजात एका जाड पुस्तकात वाचलं होतं. मामी फक्त पुस्तकाच्या आधी तिथे पोचल्या होत्या. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मामा, मामी म्हणतात तसं करा. पण रजा टाकून, तारेने बोलावून घेतलेला शास्त्राचा पदवीधर एवढंच सांगून परत गेला, तर त्याच्या पदवीचं काय राहिलं? मी कागदाकडे वाकून पाहिलं, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणालो, "याच्यावर शास्त्रीय उपाय आहे. कॅल्शियम ऑक्साइड."

मामांनी ते नाव एकदा माझ्यामागून म्हटलं, मग एकदा स्वतःचं स्वतः म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"भेटते कुठं?"

"आमच्या हायस्कुलात," मी म्हणालो.

पहिलं वाक्य खरं होतं. कळीच्या चुन्याला रसायनशास्त्रात तेच नाव आहे. दुसरं खोटं होतं, आणि ते पहिल्यापेक्षा सहज आलं.

पुढच्या रविवारी मी सहा पुड्या घेऊन गेलो. पिशव्या अमरावतीला मांजरपाटाच्या शिवून घेतल्या होत्या. त्यांच्यावर एक ते सहा आकडे घातले होते आणि रोमन अक्षरांत रासायनिक सूत्र लिहिलं होतं. आत घालायचा माल मात्र अकोल्यात उतरल्यावर गावाबाहेरच्या चुनाभट्टीवर घेतला. भट्टीवाल्याने विचारलं, घर पोतायचं आहे का. मी हो म्हणालो. रस्त्याकडेच्या दगडावर खडे सुपारीएवढे फोडले, पिशव्यांत भरले, तोंडं शिवली, हात धोतराला पुसले आणि शास्त्रज्ञाच्या चालीने मामांच्या घरी गेलो.

मामांनी पुड्या पेटीत मांडल्या. चार कोपऱ्यांत चार, एक कागदाच्या डोक्याशी आणि एक पायाशी. शेजारी त्यांचा लोकरी काळा डगला घडी करून ठेवलेला असे. तो फक्त साहेबांच्या भेटीला निघे. मामींनी एक पुडी हातात घेऊन तोलली, बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली.

"हे कालेजातलं आहे काय, बाबू?"

"हायस्कुलातलं," मी म्हणालो.

"असन," त्या म्हणाल्या. 'असन' म्हणजे असेल, पण त्या शब्दात वऱ्हाडी बाई किती गोष्टी ठेवू शकते, हे अमरावतीच्या माणसाला सांगायला नको.

उपाय लागू पडला, हे कबूल केलं पाहिजे. पंधरा दिवसांत पेटीतला कुबट वास गेला. लिबलिबीत झालेला कागद हातात घेतला की वाजू लागला. डाग होता तिथेच राहिला. मामांनी बोटं लावून रोज मोजलं. पुड्यांतले खडे ओल पिऊन भुगा होत आणि पिशव्या फुगत, म्हणून दर पंधरा दिवसांनी मी नवा माल भरून आणी. फुगलेल्या पिशव्या पाहून मामांना माझ्या विद्येचा अभिमान वाटे. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग गूळ, मग पुड्या दाखवल्या जात. शेजारी एक वकील राहत. ते खादी घालत आणि कचेरीवर बहिष्कार टाकून असत, फक्त तारखेच्या दिवशी त्यांचा नाइलाज होई. त्यांनी आपल्या कायद्याच्या पुस्तकांसाठी दोन पुड्या मागितल्या. मामांनी सांगितलं, हा माल खाजगी कामाला मिळत नाही.

"कागद तं वाळला रावसाहेब," वकील म्हणाले. "पन साहेबच गेले तं खुर्ची कोनाच्या घरी ठेवसान?"

"तुमाले बसाले देईन," मामा म्हणाले. "कोर्टात उभे राहून राहून तुमचेबी पाय दुखत असतीन."

दसऱ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला गेलो, ते नव्या भरलेल्या पुड्या घेऊनच. आदल्याच दिवशी भट्टी उघडली होती. माल ताजा आणि फार चांगला होता. हे नंतर सगळ्यांनाच कळलं.

नवमीला त्या घरी अवजारांची पूजा मोठी असे. वखर, विळे, कुऱ्हाडी, कापूस जोखायचा काटा, मुठीपाशी गंजलेली एक तलवार, मामांची दौत आणि टाक, सगळं अंगणात यायचं. आमच्याकडची रीत अशी, की ज्या वस्तूने वर्षभर राबून काम केलं तिला त्या दिवशी आधी न्हाऊ घालायचं, मग हळदकुंकू, मग फूल. न न्हालेली वस्तू पूजेला चालत नाही. दौतीला वरून धुतात, काट्याला पारड्यांसकट धुतात, तलवारीला गंज आणखी चढेल इतकं धुतात. मामांनी त्या वर्षी पेटी अंगणात आणवली. सनद आणि डगला फडक्यासकट बाजूला पाटावर काढून ठेवला, आणि सहा पुड्या ताम्हणात मांडल्या.

"यायनं पावसाळाभर राखण केली," ते म्हणाले. "यायचा मान पयला."

मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. मामांनी पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं.

"थ्याले पानी नका दाखवू," मामी म्हणाल्या.

"काहून?"

"चुना दिसते मले थो."

"चुना?" मामा माझ्याकडे वळले. "मास्तर, सांग बरं इले काय आहे थे."

अंगणात वकील होते, दोन चुलतभाऊ होते, पूजा सांगायला आलेले गुरुजी होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द तोंडापर्यंत आणला आणि त्याच्याऐवजी म्हणालो, "मामा, यांना पाण्याची तशी गरज नाही."

"देवाले तरी पान्याची गरज कुठं असते?" मामा म्हणाले आणि त्यांनी तांब्या ओतला.

एकेक पुडी त्यांनी ताम्हणातल्या पाण्यात बुडवून काढली, पंच्याने पुसली, हळदकुंकू लावलं आणि पेटीत तिच्या तिच्या जागी ठेवली. मधे फडकं अंथरून त्यावर सनद आणि डगला पूर्ववत ठेवला. पेटीचं झाकण लावलं, त्यावर झेंडूची माळ घातली. पुड्यांना काहीच झालं नाही हे पाहून मला हायसं वाटलं. कळीचा चुना पाणी प्यायला की लगेच उसळत नाही, थोडा वेळ विचार करतो, हे त्या जाड पुस्तकात होतं की नव्हतं, ते मला आठवेना.

आरतीच्या तिसऱ्या कडव्याला पेटीतून तडतडल्याचा आवाज आला. मग फुस्स झालं. झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघाली आणि माळेतून वर गेली. गुरुजींनी घंटा जोरात वाजवायला सुरुवात केली. थोरल्या चुलतभावाने हात जोडले, टोपी काढली आणि परत घातली. धाकटा तिथली पाण्याची घागर उचलून पेटीवर रिकामी करायला धावला, तेव्हा मामींनी त्याचा हात धरला.

"मरतं काय? पानी नको."

त्यांनी गोणपाट हाताला गुंडाळलं, पेटीची कडी धरून ती पालथी केली आणि आतलं सगळं फरशीवर ओतलं. सहाच्या सहा पिशव्या फाटल्या होत्या. पांढरा, वाफाळणारा, रटरटणारा लगदा बाहेर आला आणि त्याच्यात डगला होता, आणि डगल्याच्या घडीत अडकलेली सनद होती.

डगल्याची उजवी बाही कोपरापासून खाली विरघळल्यासारखी झाली. लोकर आणि चुना यांचं जमत नाही. कागद जळला नाही. मामींनी तो चिमट्याने उचलून कोरड्या फडक्यावर पसरला. छापलेली सगळी अक्षरं शाबूत होती. सरकारचं नाव होतं, मामांचं नाव होतं, खुर्चीचा मजकूर होता. फक्त लाखेचा शिक्का पसरून कुंकवासारखा झाला होता, आणि हाताने केलेली सही फिकट पिवळी होऊन नाहीशी झाली होती. बुरशीचा करडा डागही गेला होता. तेवढा भाग अगदी स्वच्छ निघाला.

मामा खाली बसले. त्यांनी फरशीवरचा लगदा पाहिला. दर दिवाळीला त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच लगद्याने घर पोतलं जात होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग म्हणाले, "आरती पुरी करा."

दिवाळी गेली. त्या सुट्टीत मी रोज ठरवत असे की आज सांगायचं, आणि रोज जेवण झालं की सुपारी कातरून उठत असे. मामांनीही काही विचारलं नाही. पुड्यांचा विषय निघाला तर ते म्हणत, नवमीला पूजेत काहीतरी चूक झाली. गुरुजींनी हे ऐकून मामांकडे येणं बंद केलं. माझ्या खोट्याची किंमत अशी पहिल्यांदा गुरुजींनी मोजली, आणि मी तीही त्यांना मोजू दिली.

ठरल्या दिवशी मी मामांबरोबर कचेरीत गेलो. मामांनी तोच डगला घातला होता. मामींनी उजव्या बाहीला काळं कापड जोडून दिलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून मामांनी त्या खांद्यावरून उपरणं सोडलं होतं. व्हरांड्यात सात-आठ खुर्चीवाले उभे होते, कारण खुर्चीचा हक्क आतला, व्हरांड्यातला नव्हता. एकाने कागद बांबूच्या नळीत आणला होता. एकाने तसबिरीत बसवला होता आणि तसबीर खिळ्यासकट आणली होती. एकाच्या कागदाला वाळवी लागली होती. उरलेला कागद त्याने पानाच्या डब्यात आणला होता आणि डबा कोणी हलवू नये म्हणून तो हात वर धरून उभा होता.

हेडक्लार्कसाहेबांनी मामांचा कागद उजेडात धरला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सांगितलं, सही नाही, तेव्हा हा कागद चालणार नाही. मामांचा चेहरा पाहून त्यांनी पुढे सांगितलं, की अपघाताने नाश झाला असेल तर तसा लेखी खुलासा द्यावा. नाश कशाने झाला ते स्पष्ट लिहावं आणि सुशिक्षित जबाबदार माणसाने त्यावर पदवीसह सही करावी. खुलासा पटला तर नाव यादीत राहील, नागपूरहून नक्कल येईल, आणि आजची भेटही होईल. नाही पटला तर मामांनी बाहेरूनच नमस्कार सांगावा.

सुशिक्षित जबाबदार माणूस मीच होतो. व्हरांड्यातल्या मेजावर कागद ठेवला आणि उभ्यानेच, इतक्या दिवसांत जे बोललो नव्हतो ते लिहायला घेतलं. कागदाला ओल लागू नये म्हणून पेटीत ठेवलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडल्यामुळे, इथपर्यंत लिहून झालं होतं. मामा मागे उभे राहून वाचत होते हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं.

"खोड थे," ते म्हणाले.

"काय?"

"चुना."

मी लेखणी खाली ठेवली. "मामा, तो चुनाच होता. मी भट्टीवरून आणत होतो."

"मले दिसला नाई काय?" मामा हळू बोलत होते. व्हरांड्यात बाकीचे होते. "मी काय आंधळा आहो? त्याच दिवशी दिसला. पन सरकारची सनद पानाच्या चुन्यानं गेली, असं सरकारातच लिहून देऊ काय? उद्या तो वकील अकोलाभर सांगत फिरन. तू श्रावणात काय नाव सांगितलं होतं? थे लिही. इंग्रजीत लिही."

"आणि हायस्कुलातून आणलं म्हणून? ते खोटं होईल, मामा."

"खोटं तं तू श्रावणातच बोलला, मास्तर. आता फक्त सही कर."

मी नवा कागद घेतला. इंग्रजीत लिहिलं, की दस्तऐवजाच्या रक्षणार्थ शास्त्रीय पद्धतीने कॅल्शियम ऑक्साइडची योजना करण्यात आली होती, आणि एका धार्मिक विधीच्या प्रसंगी जलाशी अनपेक्षित संपर्क आल्याने तीव्र उष्णता उत्पन्न होऊन हानी घडली. योजना कोणी केली आणि पाणी कोणी घातलं, हे न सांगता वाक्यं पुरी झाली. खाली मी माझी सही केली, पदवी लिहिली, आणि हायस्कुलाचं नाव टाळून 'शास्त्राध्यापक' असं लिहिलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पदव्यांना हसत आलो आहे. त्या दिवशी माझी पदवी मी जरा मोठ्या अक्षरात लिहिली, कारण खाली जागा बरीच उरली होती.

हेडक्लार्कसाहेबांनी खुलासा दोनदा वाचला. मग मामांची सनद त्यांनी पट्टीच्या टोकाने आपल्यापासून दूर सरकवली.

"याचा स्फोट होतो का?" त्यांनी मला विचारलं.

"प्रसंगी," मामा म्हणाले. कचेरीतल्या माणसांशी ते पुण्याची मराठी बोलत.

खुलासा पटला. वाळवीवाल्या गृहस्थांनी नुसतं 'वाळवी' असं लिहून दिलं होतं. त्यांना पुढच्या महिन्यात बोलावलं.

साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेर उभा होतो, कारण शास्त्राध्यापकांना खुर्ची नसते. चपराशाने खुर्ची पुढे ओढली. मामांनी वाकून नमस्कार केला, उपरणं सावरलं आणि बसले. अगदी कडेवर बसले, पाठ टेकली नाही. साहेबांनी कापसाचं विचारलं, मामांनी सांगितलं. साहेबांनी पावसाचं विचारलं, मामांनी तेही सांगितलं. मग साहेबांनी मेजावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मामा उठले. तीन मिनिटं झाली असतील. बाहेर आले तेव्हा ते व्हरांड्याच्या भिंतीपाशी क्षणभर थांबले, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि टेकले मात्र नाहीत.

आम्ही टांगा केला आणि बाजारपेठेपर्यंत आलो. मग मामा म्हणाले, "झालं थे झालं. पन तुह्या मामीले चुन्याचं सांगू नको."

"मामा," मी म्हणालो, "मामींना पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

टांगा चौकातून वळला.

"मंग तिनं सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं होतं."

मामा समोर घोड्याच्या कानांकडे पाहत राहिले. घर आता दोन गल्ल्यांवर होतं. त्यांनी पुढे वाकून टांगेवाल्याच्या पाठीला बोट लावलं आणि घोडा जरा सावकाश चालवायला सांगितला.